खिडकीची जागा

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आमचे एक साहेब कंट्रोल रूम सांभाळायचे. मोबाइल यायच्या आधीचे दिवस. नाशिकरोडहून सुटणाऱ्या शिफ्टच्या बसमध्ये खिडकीची जागा त्यांचीच. दुसरं कुणी बसलं की स्वारीचं डोकं फिरायचं.

टर्बाइनला जरा कंप आला, की हे गृहस्थ अख्खा संच बंद करायला लावायचे. "मशीनशी मस्करी नाय!" स्वतःचं हृदय मात्र मध्येच ठोके चुकवायचं, मध्येच धावत सुटायचं, तरी त्यांच्या मते तो फक्त गॅस असायचा. उपचार म्हणून खिशात ओव्याची पुडी.

एकदा डॉक्टरांनी ईसीजी बघून बजावलं, की हे हृदय अचानक थांबू शकतं, आजच दाखल व्हा. ते त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं. "म्हटलं, आत्ता कसं जमेल? पुढच्या महिन्यात ओव्हरहॉलिंग आहे." टर्बाइनचं, अर्थातच.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी खिडकी मला दिली आणि स्वतः मधल्या वाटेच्या बाजूला बसले.

"काय साहेब, आज एवढी मेहरबानी?"

"मेहरबानी कसली? काही झालं तर मला उचलून उतरवायला तुम्हाला सोपं जाईल."

इतकी वर्षं त्या खिडकीवर माझा डोळा होता. त्या दिवशी एकलहरे येईपर्यंत मी बाहेर बघितलंच नाही.