तिसरी बाटली

मुकुटबनच्या शिवारात फवारणीला जोडी बोलवायची तर श्रावण आणि देवसिंगची. श्रावण गावातला, देवसिंग तांड्यावरचा. बावीस वर्षं एकानं ड्रमात औषध कालवायचं, पाणी वाहायचं. दुसऱ्यानं पंप पाठीवर घेऊन ओळी धरायच्या. रोज पाळी बदलायची. श्रावण काठीनं मोजून शंभर वेळा ढवळायचा. नव्वदला थांबलेला तो कोणी पाहिला नाही.

पंप भरताना देवसिंग एकच विचारायचा, "काय टाकलं बे?" श्रावण सांगायचा. तेवढ्यावर तो पंप उचलायचा.

बोंडअळीच्या त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा तोंडावरच यायचा. त्या दिवशी कालवायची पाळी श्रावणची. मालकानं दोन बाटल्यांसोबत तिसरी दिली, उग्र वासाची.

"हे बी टाक. त्याले सांगू नको, नाही तं पंप ठेवून घरी जाते."

देवसिंग खरंच गेला असता. आणि या मालकाकडं अजून आठ दिवसांचं काम होतं.

"काय टाकलं बे?"

"रोजचंच."

देवसिंग ड्रमावर वाकला, जरा थांबला. "रोजचंच?"

"हो म्हनलं ना. बुढा झाला तू. नाक गेलं तुयं."

तो हसला आणि पंप पाठीवर घेतला.

बाराव्या पंपाला तो ओळीतच बसला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय फवारलं? मालक म्हणाला, ऊन लागलं. श्रावण खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो शेतात परतला. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर झुडपात फेकलेली बाटली शोधली आणि दुपारी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "हे मीच कालवलं." डॉक्टरनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली, नर्सला इंजेक्शन बदलायला सांगितलं. मग विचारलं, "काल का नाही आणली?"

संध्याकाळी देवसिंगनं डोळे उघडले. श्रावण त्याच्या कानाशी वाकला. "भाऊ, रोजचं नव्हतं. तिसरी बाटली होती. मी खोटं बोललो."

"वास आलता मले," देवसिंग म्हणाला. "पण तू हो म्हनला."

तिसऱ्या दिवशी देवसिंग गेला.

तांड्यावर सगळे ऊन लागल्याचंच बोलत होते. श्रावणला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी तो तिथं गेला आणि चार माणसांत देवसिंगच्या बायकोला सगळं सांगितलं. बिजलीबाई सुपात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे त्यायनं पंप भरतानी इचारलं तवा सांगाचं होतं, भाऊजी."

ती आत गेली. पुन्हा त्याच्याशी बोलली नाही.

आता श्रावण बाटल्या धुऱ्यावर ओळीनं मांडतो, नावं वाचून घेतो, आणि फवारणाऱ्यानं पाहिल्याशिवाय काठी हातात घेत नाही. मालकांना हा तमाशा वाटतो. बोलावणी कमी झाली. जिथं बोलावतात तिथं शंभर वेळा ढवळतो.

फवारणारी पोरं घाईत असतात. पंप भरताना कोणी काही विचारत नाही. श्रावण थोडा वेळ थांबतो, मग आपणच सांगतो.