दोरीपलीकडचे हात

हिराबाई म्हादूकडे कधी पाठ करीत नसे. वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घालताना ती दोरीच्या एका बाजूला उभी राही आणि तो दुसऱ्या. टोपली संपली तरी ती वळत नसे. मागे सरकत, पायाने चाचपत दुसरी टोपली गाठी.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मासळी वाळवण्याच्या पद्धतींचा अभ्यास करायला दिघीला आले होते. या कामाच्या बळावर मुंबईच्या प्रयोगशाळेत कायमची जागा मिळवायची, हे मी ठरवूनच टाकले होते. त्यामुळे त्या दोघांकडे प्रथम मी कामाची एक रीत म्हणूनच पाहिले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. त्याला दोन हात लागतात. हिराबाईच्या उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती.

ती बोटे म्हादूच्या कोयत्याने निकामी झाली होती. म्हादू तिच्या नवऱ्याचा पुतण्या. नवरा वारल्यावर तिची वलांडीची जागा त्याला हवी होती. तिने दोरी सोडली नाही, तेव्हा त्याने तिच्या दोरी धरलेल्या मनगटावर वार केला. कोर्टाने त्याला तुरुंगात धाडले. शिक्षा ऐकून हिराबाईने विचारले, "सायेब, ह्यो आत बसंल. माजे बोंबील कोन घालील?" कोर्टात हशा पिकला.

तो सुटून आल्यावर वाडीच्या पंचांनी त्याला दंड केला. रिवाजाप्रमाणे दंड देवीच्या नावाने वाडीच्या जेवणात खर्ची पडे. एका पंगतीला बसले की भांडण मिटले. हिराबाईला मानाने पहिले पान वाढले. ती पानावरून उठली.

"माज्या हाताच्या किमतीचं जेवन मला वाढू नका."

पंचांतले पाटील वैतागले. "हिरे, मग तुला पायजे तरी काय?"

"हात. माजा त्यानं नेला, त्याचे द्या. पावसापातूर माजे बोंबील त्यानंच घालायचे."

बराच खल झाला, पण पंचांनी ते मान्य केले. शेजारच्या वलांडीवरच्या बायका टोमणा मारीत, "म्हादू, नीट घाल रं, काकीची नजर हाय." तो मान वर करीत नसे.

भरपाईची माझी व्याख्या नेटकी होती: जेवढी हानी, तेवढी परतफेड. म्हादूने जोडी टाकायला हात उचलला की हिराबाईची मान आखडे. त्या व्याख्येत याला कुठेच जागा नव्हती. मी एकदा तिला विचारले, "दुसरं कुणी का नाही मागितलंत?"

"दुसऱ्यानं का म्हून घालावे, बाय? दुसऱ्यानं काय केलंय?" मग ती म्हणाली, "भ्या वाटतं. पन ते घरात बसूनबी वाटतं. हितं निदान बोंबील तरी सुकतात."

पावसाळा जवळ आला; वारा फिरला, होड्या वर ओढल्या गेल्या. शेवटची टोपली रिकामी झाली तेव्हा म्हादूने हात धुतले.

"काकी, झालं ना?"

"तुजं झालं," ती म्हणाली.

मला मुंबईची जागा मिळाली. पुढच्या हंगामात कामासाठी पुन्हा दिघीला गेले, तेव्हा म्हादू मुंबईला गोदीत लागला होता. हिराबाई वलांडीवर एकटीच होती. एक बोंबील दातांत धरून ती डाव्या हाताने दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवीत होती. मी मागून गेले. वाळूत पाऊल वाजताच ती गर्रकन वळली, बोंबील तसाच दातांत. मी आहे हे तिने ओळखले. डोळ्यांनीच बसायला सांगितले. मग दोरीच्या पलीकडे जाऊन, माझ्याकडे तोंड करून, तिने ती जोडी दोरीवर टाकली.