पिवळ्या दोऱ्याचे मासे

आमच्या ह्यांचा सगळा जन्म मासे मोजण्यात गेला. घरात मासा शिजला की ताटावर बसल्या बसल्या सांगणार, "हा जेमतेम वर्षाचा होता, याच्या पोटची अंडी अजून पाण्यात पडायची होती." अशा माणसाबरोबर एकदा जेवून बघा, म्हणजे माझी कथा कळेल.

ह्यांचं नाव शहाजी. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं पोर. जिथं आडाला पाणी नाही तिथल्या माणसानं समुद्राच्या मागे लागावं, हा काय योग म्हणायचा? "मेंढरं राखायची सोडून मासळी राखाया गेला," असं माझ्या सासूबाई केराबाई शेवटपर्यंत म्हणत. ह्यांची नोकरी कोकण किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात. बोटीवर जायचं, जाळ्यातले मासे मापायचे, पोटं चिरून काय खाल्लंय ते बघायचं, पाण्यात प्राणवायू किती उरलाय ते तपासायचं. दर वर्षी मासा थोडा लहान होत गेला आणि ह्यांचा अहवाल थोडा जाड. त्या अहवालांचं पुढं काय झालं ते विचारू नका. पालथ्या घड्यावर पाणी.

निवृत्ती जवळ आली तेव्हा ह्यांनी उजनी धरणावर काम मागून घेतलं. आम्ही जेऊरला बिऱ्हाड केलं. मी मोडनिंबची, त्यामुळे मला आपल्या मुलखात आल्यासारखं वाटलं. ह्यांना मात्र इथंही तेच दिसलं. पाणी हिरवं, उन्हाळ्यात वास मारणारं. काठाला ऊस, केळी, मोटारींचे पाइप. आणि पाण्यात बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी, ज्यांतून बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. ती पिल्लं वाळवून विकायची.

"समुद्राचं जे झालं तेच इथं होणार," हे म्हणाले. "पण हे पाणी लहान आहे. इथं एवढं एक तरी करून जाऊ."

ते एक म्हणजे, अंडी घालण्याच्या दिवसांत बारीक जाळी बंद करायची. ऑफिसला त्यासाठी पुरावा हवा होता. मग ह्यांनी बेत आखला. मासे धरायचे, पाठीवरच्या पराजवळ नंबर असलेला पिवळा प्लास्टिकचा दोरा ओवायचा आणि पाण्यात सोडायचे. तो मासा पुन्हा कुणाच्या जाळ्यात आला की त्यानं दोरा आणून द्यायचा आणि बक्षीस घ्यायचं. दोरे लवकर लवकर परत आले, की मासा वाढायच्या आतच मारला जातोय हे सिद्ध. काठावरच्या गावात मासे धरणाऱ्या भोयांची सभा घेतली. हे आपल्या ऑफिसच्या मराठीत बोलले, माणसांनी माना डोलावल्या.

त्याच पावसाळ्यात माझ्या छातीत गाठ निघाली.

सोलापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग ती औषधं सुरू झाली, ज्यांनी केस जातात आणि तोंडाची चव जाते. हे सकाळी धरणावर, दुपारच्या गाडीनं माझ्यापाशी. खुर्चीत बसल्या जागी झोपायचे. अंगाला माशांचा वास. मला तो वास सहन व्हायचा नाही. "बायको इथं मरतेय आणि तुम्ही माशांना दोरे ओवताय," असं मी बोलले होते. खरं होतं तेच बोलले.

आणि एवढं करून हाती काय आलं? वर्ष उलटलं तरी एकही दोरा परत आला नाही. हे दर महिन्याला काठावर जाऊन विचारायचे, "दोऱ्याचा मासा धरला का कुणी?" उत्तर ठरलेलं, "न्हाय वो सायेब." म्हणजे सगळे मासे त्या घाण पाण्यात मेले असतील, नाहीतर ह्यांचं काम चुकलं असेल. ऑफिसनं कळवलं, दोरे नाहीत तर पुरावा नाही, तुमच्या निवृत्तीबरोबर हे काम बंद करू. ह्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. रागावलेसुद्धा नाहीत. रागवायलाही अंगात बळ लागतं.

तरी निवृत्तीला दोन महिने असताना हे पुन्हा एकदा विचारायला निघाले. मीही मोटरसायकलवर मागे बसले. डोक्याला रुमाल बांधलेला, खाली बोटभर केस उगवलेले. घरात बसून मला भिंती खायला उठल्या होत्या.

काठावर हिंदुराव जाळं झाडत होते. वयानं मोठे, सगळे भोई त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, मला बघितलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"ह्याच का त्या? बऱ्या झाला न्हवं?"

मी काही म्हणायच्या आत त्या घरात जाऊन नारळ घेऊन आल्या, मला कुंकू लावलं, ओटी भरली.

"सायबाचं मासं फळलं बगा," त्या म्हणाल्या.

"कसले मासे?"

"पिवळ्या दोऱ्याचं की. तुमच्यासाटनं देवाला सोडल्यालं."

ह्यांनी मान वर केली. हिंदुराव सांगू लागले, "आमी बगत हुतो की सायेब. तुमची मालकीन दवाखान्यात. तुमी येकेक मासा धरायचा, पिवळा दोरा घालायचा, जखमंला हळद लावायची, दोनी हातात धरून पान्यात सोडायचा. त्वांडानं कायतरी म्हनायचा."

"नंबर म्हणत होतो मी," हे हळूच म्हणाले.

"आमाला काय ठावं? लई डाव घावलं जाळ्यात. पर आमी तसंच सोडलं. सगळ्या काठाला सांगून ठिवलंय, सायबाच्या नवसाचं मासं हाय, कुनी चुलीवर घालायचं न्हाय."

"अहो, पण मी दर महिन्याला विचारत होतो ना!"

"व्हय की. आमाला वाटलं, कुनी खाल्लं का त्ये बगताय. आमी न्हाय म्हनायचो. खाल्लंच न्हाय, तर दुसरं काय सांगायचं?"

"आणि बक्षीस?"

"देवाच्या जित्राबाचं पैसं घिऊन कुटं फेडायचं?" मथुराबाई म्हणाल्या.

हे पालथ्या होडीवर बसले. माझे सासरे बिरोबाच्या नावानं बकरं सोडायचे. त्याच्या कानाला खूण, अंगावर पिवळा भंडारा. ते कुणाच्याही रानात शिरो, कुणी काठी उगारायची नाही. हे त्या बकऱ्यामागं हिंडत मोठे झालेले. आणि पिवळ्या दोऱ्याचा अर्थ ह्यांना भोयांनी सांगावा! मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. ज्या वर्षात मला वाटत होतं की आपलं कुणी नाही, त्या वर्षात ही न बघितलेली माणसं हाती आलेला मासा माझ्यासाठी सोडून देत होती.

हिंदुरावांनी घसा खाकरला. "सायेब, येक इचारू का? नवस फिटला आसंल तर तसं सांगा. मंग आमी धरतू, दोरं बी आनून देतू. हाताएवडं झाल्यात येकेक."

म्हणजे फक्त "फिटला" म्हणायचा अवकाश. दोरे येणार, अहवाल उभा राहणार, तीस वर्षांत एक तरी गोष्ट तडीला जाणार. मी डोळ्यांनी खुणावलं. मग न राहवून म्हणालेच, "अहो, सांगा की!"

ह्यांनी माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडं बघितलं. लग्नापासून मी ह्यांना घराबाहेर शुद्ध बोलतानाच ऐकलं होतं. आज सांगोल्याचं पोर बोललं.

"न्हाय फिटला अजून. फुडल्या म्हैन्यात हिची तपासनी हाय."

"मंग ऱ्हाऊ द्या," हिंदुराव म्हणाले, आणि पुन्हा जाळं झाडू लागले.

परतताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. ह्यांनी गाडी बंद केली. मी विचारलं, "तुमचा तर देवावर विश्वास नाही. नवस केला होता कधी?"

"नाही."

"मग सगळ्या कामावर पाणी का सोडलंत?"

मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत हे डबे मोजत होते.

"मी नव्हता केला," हे म्हणाले. "त्यांनी केलाय की."

फाटक उघडलं. मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकलं. शर्टाला माशांचा वास येत होता, नेहमीसारखाच, आणि मी तशीच घरापर्यंत बसून राहिले.