मी बोट दाखवलेलं शटर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शांतता समितीच्या बैठकीत मी दर वेळी म्हणतो, दंगल करणारे बाहेरचे होते. खोटं नाही ते. पण पुरतं खरं आहे का?

नेकनूरजवळच्या आमच्या गावात माझं पाइपांचं दुकान. शेजारी सलीमभाई विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. दोन्ही पाट्यांवर मालकाचं नाव नाही. खंडेनवमीला गिऱ्हाइकंच त्यांच्या यंत्राला हळदकुंकू लावायची, शटरला झेंडूचं तोरण बांधायची. त्या वर्षी माझ्या शटरला तोरण नव्हतं — नुकतेच वडील गेले होते, वर्षभर सण नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी जमाव आला. सलीमभाईंना मीच म्हणालो होतो, आत बसा, शटर ओढून घ्या. माझं ओढून मी बाहेर उभा होतो. जमावानं त्यांच्या शटरवरचं तोरण पाहिलं, आणि पहार माझ्या शटरात घातली.

"आपलंच हाय हे," मी ओरडलो.

"मग तोरण कावून न्हाई बे?"

मी टोपी काढून मुंडण केलेलं डोकं दाखवलं. मग जमावानं विचारलं, 'त्यांचं' दुकान कोणतं? — मी बोट केलं.

सलीमभाईंना दाढीला धरून बाहेर ओढलं. उजवा हात पायरीवर दाबून मनगट पहारीनं ठेचलं. ते हाड मोडताना मी ऐकलं आहे. मग आग लावली. आत निम्म्या गावाच्या मोटारी होत्या — मंदिराच्या विहिरीचीही. हरभरा वाळला, ज्वारी कणीस बाहेर यायच्या आधी पोटरीतच करपली, बागायतदार म्हणवणारे ऊसतोडीला गेले. आजही गावात मोटार भरणारा नाही. मी हिशोबी माणूस. पण त्या दुपारी गाव किती वर्षं मागं गेलं, ते मांडायला मी कधी बसलो का?

दवाखान्यात सलीमभाईंनी विचारलं, "शेट, तुमी बचावले ना?" मी म्हणालो, मी तर घरी गेलतो.

मनाला सांगत आलो — दुकान वाचवायला बोललो. तसं नाही. माझं डोकं पाहून पहारवाला ओशाळला होता. "माफ करा काका," म्हणून त्यानं पहार खांद्यावर टाकली. जमाव स्टँडकडे वळला होता. जाता जाता एकानं सहज विचारलं. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं — अंगाला कुणी हात लावला नव्हता. मी बोट केलं. आणि कुणी न विचारता वर सांगितलं, "आतच हाय तो."