सहा तास पाऊल नको

पस्तीस वर्षं लोकांचे गालिचे धुतलेल्या या माणसाला सगळे फेसवाले काका म्हणत. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, काम सुटून दोन. आता दिवसभरात त्यांचं बोलणं व्हायचं ते दूध घेताना, तेवढंच.

रविवारी रात्री मुलाचा फोन आला. पुढच्या रविवारी तो, सूनबाई आणि सहा वर्षांची नात चार दिवस राहायला येणार होते. पण धुळीने नातीची छाती लगेच भरते, आणि काकांच्या पुढच्या खोलीत तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जुना गालिचा.

"बाबा, काढूनच टाका ना तो."

"उचलायला दोन माणसं लागतात रे."

मग असं ठरलं, की काकांनी गालिचा स्वच्छ करावा आणि बुधवारी चारला मुलाने फोन करावा. जमलं नसेल तर मंडळी हॉटेलात उतरतील. वाईट वाटून घेऊ नका, असंही तो म्हणाला, आणि काकांना वाईट वाटलं ते तेव्हा.

उपाय सगळे त्यांना तोंडपाठ होते. गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडपलं की धूळ निघते. पण तेव्हा दुसरं टोक धरायला बायको असे, आणि नाकाला रुमाल बांधून 'जेवला नाहीत का आज?' म्हणून डिवचत असे. खाण्याचा सोडा भुरभुरवला तर वास जातो, पण पूड तळाशी बसते. नातीच्या छातीला ती धुळीची सख्खी बहीण. साबणाच्या फेसाने गालिचा पाहत राहावा असा उजळतो, मात्र चिकटपणा मागे राहतो आणि दोन महिन्यांत तो पूर्वीपेक्षा जास्त मळतो. हे त्यांनी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं. उरलं गरम पाण्याचं यंत्र. पाणी खोलवर मारायचं आणि मळासकट लगेच ओढून घ्यायचं. ते त्यांनी जुन्या मालकाकडून एका दिवसापुरतं मागून आणलं.

बुधवारी त्यांनी खिडकीपासून सुरुवात केली. एक पट्टा झाला की एक पाऊल मागे. टाकीत आधी काळं पाणी आलं, मग चहाच्या रंगाचं, शेवटी नितळ. तीन वाजता शेवटचा पट्टा ओढून ते मागे सरकले आणि पाहतात तर आपण जिन्याजवळ, घराबाहेर. आयुष्यभर ते असेच लोकांच्या घरांतून मागे मागे सरत दाराबाहेर पडले होते. हे घर आपलं आहे, हे पायांच्या लक्षातच आलं नाही. स्वयंपाकघर पलीकडे, पलंग पलीकडे, आणि फोन समोरच्या खिडकीत.

चार वाजत आले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई जिना उतरत होत्या. कधीकाळी त्यांचा गालिचा धुतल्यावर काकांनी त्यांना बजावलं होतं, सहा तास गालिच्यावर पाऊल नको, मांजरालाही सांगून ठेवा.

"काय काका, आज तुम्हीच मांजर का?"

त्यांनी आपला फोन पुढे केला. पण मुलाचा नंबर काकांना पाठ कुठे होता? तो त्या खिडकीतल्या फोनमध्येच. मग चहा तरी आणते, म्हणत ताई परत वर गेल्या.

चारला फोन वाजला. काका उंबऱ्यावर हात चोळत उभे राहिले. वाजून वाजून तो थांबला. पुन्हा वाजू लागला, तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. ओली लव पायाखाली दबत गेली.

फोनवर नातच होती. "आजोबा, तुमच्याकडे धूळ आहे?"

"होती. आता नाही."

"मग येऊ?"

"ये."

फोन ठेवून त्यांनी मागे पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंत एकाच माणसाची पावलं उमटली होती. परतीची आणखी एक रांग नको, म्हणून ते तिथेच उभे राहिले. फोन चालू असताना ताईंनी उंबऱ्यावर ठेवलेला चहा खिडकीजवळून दिसत होता. त्याची वाफ बराच वेळ वर जात राहिली, मग दिसेनाशी झाली.