पाहणीत न आढळलेले बेडूक

गेल्या जूनमध्ये, एका सोमवारी सकाळी, आमच्या लेआउटमागचा, म्हणजे वसाहतीमागचा, खड्डा मुरूम टाकून भरण्यात आला. काम आठला सुरू झालं आणि दुपारच्या जेवणाआधी संपलं. आदल्या दिवशी, रविवारी, लेआउटच्या समितीने पाऊस पडावा म्हणून बेडकांचं लग्न लावलं होतं. लग्नातले दोन्ही बेडूक त्याच खड्ड्यातून काढलेले होते.

दोन्ही ठिकाणी मी हजर होतो. लग्नाची बातमी मीच दिली. ती फोटोसह तीन कॉलम लागली. खड्ड्याची बातमीही मीच दिली. ती लागली नाही.

आमचा लेआउट हुबळीहून तारिहाळकडे जाताना, कारखान्यांच्या अलीकडे आहे. खड्ड्याच्या जागी पूर्वी वीटभट्टी होती. भट्टीवाल्यांनी माती काढून नेली, भट्टी बंद पडली आणि छातीइतका खोल खड्डा मागे राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साठायचं, संक्रांतीच्या सुमारास आटायचं. दरवर्षी आटायचं म्हणून त्यात मासे टिकत नव्हते, आणि मासे नव्हते म्हणून बेडूक तिथे अंडी घालत होते. ही माहिती मला लेआउटमधल्या शेवटच्या घरात राहणाऱ्या बाईंकडून मिळाली. त्यांनी नोकरीभर धारवाडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. इकडे शिक्षिकेला कन्नडमध्ये अक्कोरे म्हणतात. निवृत्तीनंतरही सगळा लेआउट त्यांना तसंच म्हणतो.

बाईंच्या घराची मागची खिडकी खड्ड्याकडे उघडते. त्या आवाजावरून जाती ओळखत. मोठा बैलबेडूक, ज्याचे नर पावसात हळदीसारखे पिवळे होतात. गोल, फुगीर अंगाचा एक, जो मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत शिरतो. अंगठ्याच्या नखाएवढा एक, ज्याचा आवाज कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवल्यासारखा येतो. आणि काठावरच्या बाभळीच्या फांदीला, पाण्याच्या बरोबर वर, फेसाचं घरटं लावणारा झाडबेडूक. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे या चारही जातींना हुबळीच्या या बाजूला आता दुसरी जागा राहिलेली नव्हती. जुन्या तळ्यांचे काठ दगडाने बांधले गेले होते आणि त्यांत मासे सोडले गेले होते.

समितीला खड्ड्याच्या जागी वॉकिंग ट्रॅक हवा होता. बाईंनी लेखी विनंती केली: भरायचाच असेल तर पावसाळा संपल्यावर भरा, म्हणजे पिल्लांना पाय फुटतील आणि ती बाहेर पडतील. समितीने पाहणी करायचं ठरवलं. पाहणी मे महिन्यात झाली. समितीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनियर आहेत. ते पाच मिनिटं काठावर उभे राहिले, मोबाईलवर फोटो काढला आणि निघाले. बैठकीच्या नोंदवहीत त्यांच्या अक्षरात वाक्य आहे: पाहणीत पाणी अथवा बेडूक आढळले नाहीत.

बाईंनी बैठकीत विचारलं, "अण्णा, मे महिन्यात बेडूक वर कशाला येतील? भेगाळलेल्या चिखलाखाली हातभर खणून बघितलंत का?"

"अक्कोरे, इंजिनियरनं बघायचं ते बघितलं."

"मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी पाहणीला आलं असतं, तर शाळेत मुलंच नाहीत असं लिहून गेलं असतं."

लोक हसले. ठराव मंजूर झाला.

जून उजाडला तरी पाऊस नव्हता. लेआउटची बोअर दुपारपर्यंत बंद पडू लागली. कुणीतरी बेडकांच्या लग्नाचा विषय काढला. आमच्या भागात पाऊस लांबला की ही लग्नं होतात. वर-वधू आपल्याच शिवारातले असावेत, एवढा नियम पाळला जातो. शनिवारी बागा, गटारं, पाण्याच्या टाक्यांमागची जागा शोधून झाली. बेडूक मिळाला नाही. तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः सांगितलं, "खड्ड्यात खणा. तिथं असतात."

दोन माणसांनी फावडं घेऊन अर्धा तास खणलं. चार बैलबेडूक निघाले. त्यांतले दोन सेक्रेटरींनी निवडले आणि दोन्ही हातांत धरून खड्ड्यात उभे राहिले. तो फोटो मी काढला. पाहणीच्या फोटोत जी बाभूळ आहे तीच या फोटोतही आहे. छापून आला तो हाच फोटो. मथळ्यात मी वरुणराजा हा शब्द वापरला. पाहणीबद्दल एक ओळ लिहिली होती, ती डेस्कवर जागेअभावी गेली.

लग्न रविवारी संध्याकाळी लागलं. बेडकांना हळद लावली, दोऱ्याच्या मुंडावळ्या बांधल्या, अक्षता टाकल्या. जेवायला गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, आणि मिरची भजी होती. बाई अक्षता हातात घेऊन पुढे आल्या.

"अण्णा, हे कुठनं आणले?"

"खड्ड्यातनं की."

"कुठल्या? पाहणीत बेडूक आढळले नाहीत त्या?"

"अक्कोरे, शुभकार्यात वकिली नको."

बाईंनी वाकून बघितलं. "बरं. पण दोघंही नर आहेत. गळ्याखालच्या काळ्या घड्या दिसतात का? त्या मादीला नसतात."

मागून एकजण म्हणाला, "म्हणजे पाऊस नुसता गडगडणार, पडणार नाही!"

हसण्याचा जोर ओसरल्यावर सेक्रेटरी सर्वांसमोर म्हणाले, "अक्कोरे, शब्द देतो. पावसाळा संपेपर्यंत खड्ड्याला हात लावणार नाही. आता अक्षता टाका." बाईंनी अक्षता टाकल्या. मी ते वाक्य वेळेसह लिहून घेतलं.

रूढीप्रमाणे जोडी जिथून आणली तिथे परत सोडायची असते. खड्डा कोरडा, तिथे फोटो चांगला येणार नाही, म्हणून ती लेआउटच्या बागेतल्या कारंज्याच्या हौदात सोडण्यात आली. माळ्याने त्याच सकाळी हौदात ब्लीचिंग पावडर टाकली होती. सोमवारी एक बेडूक पाण्यावर मेलेला तरंगत होता. दुसरा सापडला नाही. हे बघायला बाई बागेत गेल्या होत्या, तेवढ्यात मागे मुरुमाचे ट्रक आले. ट्रक शुक्रवारीच ठरवलेले होते. हे मला ट्रकमालकाने नंतर सांगितलं. म्हणजे शब्द दिला गेला तेव्हा तो मोडण्याची तयारी होऊन दोन दिवस झाले होते.

मी सेक्रेटरींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "शब्द मी दिला होता. ठराव समितीचा आहे." हे छापू का, असं विचारल्यावर त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी खणून काढलेल्यांपैकी उरलेले दोन खड्ड्यातच परत सोडले होते; चिखलाखाली न खणलेले आणखी किती होते, हे कुणालाही माहीत नाही. त्या सगळ्यांवर छातीभर मुरूम पडला.

पुढच्या आठवड्यात पाऊस आला. ट्रकच्या चाकांनी मुरुमात खोल चाकोऱ्या पडल्या होत्या, त्या भरल्या. आसपासच्या पडीक रानातून पिवळे नर आले आणि त्या वीतभर पाण्यात बसून ओरडू लागले. तिसऱ्या दिवशी चाकोऱ्यांत काळी, शेपटीची पिल्लं वळवळत होती. बाईंनी चाकोऱ्यांच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या.

त्याच सकाळी रोलर आला. ड्रायव्हर गदगकडचा होता.

"अक्का, चिंध्या कसल्या? देव बसवलाय का इथं?"

"पाण्यात बघ."

तो खाली उतरला, उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दोन दिवस. रोलर बिघडला म्हणून सांगतो. तिसऱ्या दिवशी मला विचारू नका."

बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं आहे. त्या दोन दिवस चहाची गाळणी आणि दोन बादल्या घेऊन चाकोऱ्यांत वाकून होत्या. बादल्या मी स्कूटरवरून तारिहाळच्या बाजूला, दगडाच्या एका बंद खाणीत नेल्या. खाणीत पावसाचं पाणी साठलं होतं. पहिल्या दिवशी सात फेऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी पाच. समितीचे सदस्य सकाळी फिरायला जाताना बघत होते. एकाने विचारलं, "अक्कोरे, मत्स्यपालन का?" मदतीला कुणी थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला. पहिल्याला कामावरून कमी केल्याचं त्याने सांगितलं. साडेदहापर्यंत चाकोऱ्या सपाट झाल्या. त्यांतल्या तीन चाकोऱ्यांत अजून पिल्लं उरलेली होती. बाभूळ दुपारी तोडली.

जुलैअखेर बाई आणि मी खाणीवर गेलो. बाईंना काठावर, चारही पाय फुटलेली आणि शेपटी आखडत आलेली नऊ पिल्लं दिसली. मी मोजली ती सहा.