विहिरीकाठचा दिवा

शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळली आणि आमच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. तेव्हापासून आमच्या कुंपणालगत मातीत पाइप रोवलेत आणि एक मशीन दिवसभर घरघरत जमिनीतली पेट्रोलची वाफ ओढत असतं. ते सांभाळायला एक माणूस रोज कागलहून येतो. मशीनपाशी राहून त्याला ओरडून बोलायची सवय लागलीय; मशीन बंद असलं तरी ओरडतोच. आधी नाक वर करून हवा हुंगतो, मग मी विचारायच्या आतच, "काय हुत न्हाय वो पावणं, बिनघोर ऱ्हावा की!" स्वतःचा मोबाइल मात्र लांब गाडीच्या डिकीत ठेवून येतो.

परवा संध्याकाळी मशीन बंद पडलं होतं आणि तो ते खोलून बसला होता. आईने नेहमीसारखा विहिरीच्या काठावर दिवा लावला. तो चपला तिथंच टाकून धावला आणि पेटती वात उघड्या तळहातानेच चिरडली.

"मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "दिवा आता घरातच लावत जावा."

तेव्हापासून रोज तो आला की मी दारात उभा राहतो, तो ओरडेपर्यंत.